गाळलेलं पान

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ते गेले वर्षभर येतायत. फोपनारचे, हवाई दलातून रिटायर झालेले पायलट. प्रवासी विमानाच्या लायसन्ससाठी त्यांना दलातले उड्डाणाचे तास दाखवायचेत. त्या तासांची नोंदवही, लॉगबुक, माझ्या हातात कधीच देत नाहीत. स्वतःच पान काचेवर ठेवतात, स्वतःच झाकण लावतात. मशीनला दुसऱ्याचा हात लागला की माझं डोकं फिरतं, पण त्यांना कधी बोललो नाही. प्रत निघाली की म्हणतात, "झालं भाऊ, पुढचं."

एक पान मात्र दर वेळी प्रत न काढताच उलटतात.

परवा त्यांचा अर्ज पुन्हा परत आला. तास थोडे कमी पडले होते.

"साहेब, ते पान बी लावून द्या ना," मी म्हणालो. "काम होऊन जाईल."

त्यांनी पान उघडून दाखवलं. सोबतच्या पायलटचं नाव प्रत्येक ओळीत एकच होतं.

"हा त्याच्या पुढच्याच महिन्यात विमानासकट पडला, गेला. मी सुट्टीवर होतो. हे तास दोघांचे आहेत, भाऊ. एकट्यानं कसे वापरू?"

मग लॉगबुक मिटून त्यांनी रुमालानं माझी काच पुसली आणि झाकण हलकेच खाली टेकवलं.