मठारलेला मडगार्ड

सासऱ्यांची मोटार मी ठोकली ती पेंढ्याच्या भरवशावर. ब्रेक म्हणून भलतंच काहीतरी दाबलं गेलं, गाडी खाचरातून सुसाट निघाली, आणि आता थांबायचं तर मऊ जागी थांबावं एवढा विचार करून मी ती पेंढ्याच्या गंजीवर घातली. गंजीच्या आड जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. पुण्याच्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार?

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. सासरे पौडच्या अलीकडच्या एका गावात डॉक्टर होते. त्यांची मोटार लढाईच्या आधीची, काळी, विलायती, पुढचे दोन मडगार्ड गुबगुबीत फुगलेले. ती ते स्वतः पुसत. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडी धुवायची परवानगी होती, चालवायची नाही. किल्ली कायम जानव्याला बांधलेली. सुनेनं गाडी चालवावी ही कल्पना त्यांच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खरं सांगायचं तर मंडळी मला पाहायला त्या गाडीतून आली, तेव्हा मी मुलापेक्षा गाडीच नीट पाहून घेतली होती.

त्या उन्हाळ्यात मामंजींच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आणि ते ऑपरेशनसाठी दहा दिवस पुण्याला गेले. जाताना किल्ली सासूबाईंकडे दिली. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. कशी आली ते विचारू नका. सासूबाईंना आंब्याचं लोणचं मुरायच्या आधी खायची सवय होती आणि ते मामंजींना कळता कामा नये असा आमच्यात करार होता. नवरा कॉलेजात असताना मित्राच्या गाडीवर शिकलेला होता. कापणी होऊन कडक झालेल्या खाचरात त्यानं मला चार दिवस धडे दिले. पाचव्या दिवशी डोण.

डाव्या मडगार्डाला परातीएवढा पोचा आला होता. मामंजी यायला चार दिवस उरले होते. त्यांना कळलं, तर पुन्हा या गाडीच्या स्टिअरिंगमागं बसणं मला या जन्मी शक्य नव्हतं. नवरा डोकं धरून बसला. पुण्याला न्यावी तर रस्त्यात सगळे ओळखीचे. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पोचाच आहे ना? मग तांबटाला बोलाव."

तांबट पौडहून आला. साठीचा, सडपातळ, एक कान ठोक्यांनी गेलेला. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं मडगार्डवर टिचकी मारली. "वयनी, ह्ये तांबं न्हवं. लई हट्टी हाय. पर बघतो." मडगार्ड सोडवून त्यानं अंगणात घेतला, आतून लोखंडी दांड्याचा टेकू दिला आणि वरून लाकडी हातोड्यानं ठोकायला सुरुवात केली. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर घरची भांडी ठोकायला काढलीत असं सांगायचं ठरलं होतं.

हे सांगणंच अंगाशी आलं. ठोक्यांचा आवाज गावभर गेला आणि तासाभरात निम्म्या गावातल्या बायका चेपलेल्या घागरी, कळशा, हंडे घेऊन अंगणात हजर झाल्या. आता त्यांना काय सांगणार? मडगार्डवर मी सतरंजी टाकली आणि वर चिंचा वाळत घातल्या. तांबट आनंदानं घागरी घेऊन बसला. नुसता ठोकत नव्हता, पोचा पाहून निदानही करत होता. "ही इहिरीवर घसरल्याली. ही पोरानं पाडली. ही मातूर कुनीतरी फेकून मारली हाय."

"मांजरानं पाडली," ती घागरवाली पदर तोंडाशी धरत म्हणाली.

"मांजर लई ताकदीचं हाय म्हनायचं."

दीड दिवस असा घागरींत गेला. मी दात-ओठ खात सगळ्यांना चहा देत होते. शेवटी अंगण रिकामं झालं, सतरंजी उचलली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचा खरोखर निघाला. हात फिरवला तर कळेना कुठं होता. मी तांबटाला गूळ-शेंगदाणे दिले आणि जेवायला आत गेले. आतून ठोक्यांचा आवाज येत होता, बारीक, एकसारखा. काहीतरी शेवटचं करत असेल असं मला वाटलं.

बाहेर आले तेव्हा मडगार्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मठारलेला होता. पाणी तापवायच्या बंबावर असतात तसे नखाएवढे गोल ठसे, ओळीनं, एकाला एक लागून, कुठंही चूक नाही. तांबट घाम पुसत कौतुकानं पाहत होता.

"काका, हे काय केलंत?"

"मठार मारला. मठाराबिगर भांडं नागडं दिसतं, वयनी. आता धा वर्सं पोचा पडायचा न्हाई."

त्याची काही चूक नव्हती. पन्नास वर्षं तो प्रत्येक भांडं असंच पुरं करत आला होता, आणि काम अर्धवट टाकून जाणाऱ्यातला तो नव्हता. मी विचारलं, हे पुसता येईल का? तो खो खो हसला. आता चिंचेनं घासून चकाकी आणतो म्हणाला, तेव्हा मी चिंचांसकट सतरंजी गुंडाळून घरात पळाले. मला एकाच वेळी रडू आणि हसू येत होतं. नवऱ्यानं काळा रंग फासून पाहिला. रंगामुळं प्रत्येक ठसा आणखी उठून दिसायला लागला.

अशा वेळी आमच्या घरात डोकं एकाचंच चालायचं. सासूबाई म्हणाल्या, "एकच मडगार्ड वेगळा दिसला तर संशय येईल. दोन्ही सारखे असले तर कोण बघतंय?" आणि तांबटाला उजवा मडगार्डही देऊन टाकला.

उजव्या मडगार्डला एक जुना पोचा होता. गावातला एक माजलेला बैल गाडीला भिडला होता, आणि मामंजींनी खाली उतरून शिंगं धरून त्याला मागं रेटला होता, ही हकिगत प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागायची. तांबटानं त्या पोच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ह्यो बैल न्हवं. ह्यो घडीव दगूड हाय. कोपरा." मग तोही काढला आणि वर मठार मारला.

मामंजी ठरल्या दिवशी दुपारी एसटीनं आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळाही अधूच. पाणी न पिता थेट गाडीपाशी गेले. आम्ही तिघं रांगेत. त्यांना दिसत नव्हतं म्हणून आम्ही खूश होतो. हाताचा विचार कुणीच केला नव्हता. त्यांनी डाव्या मडगार्डवर हात ठेवला आणि हात थांबला. मग एकेका ठशावरून बोट पुढं सरकायला लागलं.

"गाडीत पाणी तापवणार आहात का?" त्यांनी विचारलं.

नवरा सासूबाईंकडे पाहायला लागला, सासूबाई माझ्याकडे. शेवटी मी म्हणाले, "मामंजी, मी ठोकली." ते वळसा घालून उजवीकडे गेले. तिथंही ठसे. त्यांनी जुन्या पोच्याची जागा दोनदा चाचपली. "बैलाचा कुठं गेला?"

आता नाहीतरी सगळं गेलंच होतं. मी म्हणाले, "तांबटकाका म्हणाले, बैल नव्हता. घडीव दगड होता." सासूबाईंनी मामंजींकडे असं पाहिलं, की अधू डोळ्यालाही ते दिसलं असावं. ते पुटपुटले, "देवळाची पायरी." सासूबाई पदरात तोंड खुपसून हसल्या. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी हात पुढं केला, किल्ली मागून घेतली आणि जानव्याला बांधली. मी रात्री जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीतला एक धनगर धावत आला. "डाक्टर, पोरगं डोळं उघडंना. लई ताप हाय." नवरा सायकलवरून शाळेत शिकवायला गेलेला. मामंजी सवयीनं बॅग घेऊन उठले, गाडीपर्यंत गेले, आणि तिथं उभे राहिले. किल्ली हातात होती. धनगर म्हणाला, "बैलगाडी जुपू का? दुपार हुईल." मामंजींनी किल्ली माझ्यापुढं धरली. तोंडानं काही बोलले नाहीत.

वाटभर मात्र बोलले. गिअर बदल, खड्डा असेल, डावीकडं ओहोळ आहे, हॉर्न दे. रस्ता त्यांना पाठ होता. त्यांचा उजवा पाय सारखा तळाशी काहीतरी दाबत होता. मी घाबरले होते आणि सुखातही होते, खोटं कशाला बोलू. झोपडीत त्यांनी पोराची नाडी पाहिली, छाती ऐकली, आणि औषधाच्या बाटल्या माझ्या हातात दिल्या. "यावर काय लिहिलंय ते वाच." मी वाचलं. त्यांनी दुसरी मागितली, तीही वाचली. इंजेक्शन दिलं, तासभर तिथंच बसून राहिले. पोरानं पाणी मागितलं तेव्हा उठले.

मी आधी जाऊन गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसले होते. मामंजी धनगराला काहीतरी समजावत बाहेर आले, त्याच नादात माझ्या बाजूला आले आणि आत बसायला म्हणून दार उघडलं. मी तिथं होते. ते दाराला धरून उभे राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू आहेस होय," ते म्हणाले, दार हलकेच लावलं, आणि चाचपडत पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.