मागून ढकलणारा

ज्याचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही अशा माणसाला भूत दाखवायचं असेल, तर त्याला आमचा भाडेकरू दाखवावा. भूत दिसणार नाही. पण ते नेमकं कुठे उभं आहे हे कोणालाही बोट ठेवून सांगता येईल. आणि हे मी सांगतेय. मिरजेच्या डॉक्टरांच्या घरात वाढलेली, धंद्याने फिजिओथेरपिस्ट, देवाकडेसुद्धा आधी केसपेपर मागणारी बाई.

२०१२ साली आम्ही न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला घर घेतलं, तेव्हा त्याच्या मागच्या अंगणात एक सुटी खोली होती. माझा नवरा तिथल्या एका संस्थेत गवतावर संशोधन करतो. (सासूबाई अजूनही लोकांना ‘शेतीखात्यात आहे’ एवढंच सांगतात.) खोलीला भाडेकरू हवा होता, आणि माझ्या क्लिनिकमधल्या ओळखीतून हा आला. दारातून आडवा होऊन आत शिरला, कारण सरळ मावला नसता. मान जवळजवळ नव्हतीच. खांद्यांवर डोकं थेट ठोकून बसवलेलं, जात्यात खुंटा ठोकावा तसं. ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार केला आणि न सांगता जॅंडल्स बाहेर काढून ठेवल्या. चप्पल बाहेर काढणारा माणूस म्हटल्यावर मी पुढची चौकशीच केली नाही. खोली त्याला दिली.

हा पेशाने रग्बी खेळायचा. प्रॉप. प्रॉप म्हणजे काय ते माझ्या आईला मी फोनवर असं समजावलं होतं: आठ माणसं इकडून, आठ तिकडून, सगळी वाकून डोकी भिडवतात आणि एकमेकांना रेटतात, त्याला म्हणतात स्क्रम. सगळ्यात पुढे तिघं, त्यातले कडेचे दोघं ते प्रॉप. समोरच्यांचा सगळा भार यांच्या मानेवर आणि आपल्याच माणसांचा रेटा यांच्या पाठीमागून. आई म्हणाली, “म्हणजे घरातली मोठी सून.” याहून चांगली व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

आमचा हा उजवीकडचा प्रॉप. पण त्याचं म्हणावं तसं नाव कधी झालं नाही. देशाच्या संघाची काळी जर्सी त्याने दुकानातच पाहिली. त्याची सगळी कारकीर्द दुसऱ्यांच्या दुखण्यांवर उभी. जगात कुठेतरी कोणाची तरी मान लचकली की याचा फोन वाजायचा. मग एक बॅग उचलायची आणि निघायचं. इन्व्हरकार्गिलला दहा आठवडे, जपानमध्ये कुठल्याशा कारखान्याच्या संघात एक मोसम, फ्रान्समध्ये अशा गावात की जिथे चर्च, बेकरी आणि रग्बीचं मैदान एवढंच होतं. एकदा वेल्सला गेला तर तिथला जखमी प्रॉप नवव्या दिवशी टुणकन उठून उभा राहिला, आणि हा परत आमच्या अंगणात. सामन्यातही बहुतेक शेवटची वीस मिनिटंच मिळायची. आल्यावर माझ्या नवऱ्याला त्या त्या संघाची जर्सी द्यायचा. ती नवऱ्याच्या गुडघ्यांपर्यंत यायची. पीएच.डी. झालेला माझा नवरा रविवारी फ्रॉक घातल्यासारखा घरभर हिंडायचा, आणि हा परातीत पोहे घेऊन त्याच्याकडे कौतुकाने बघायचा. परात म्हणजे परातच. ताटलीतले पोहे त्याला दिसायचे नाहीत.

हे सगळं झालं गमतीचं. पण पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्याला एक गोष्ट खटकली होती. हा उभा राहायचा तो मागे रेलून. भिंतीला टेकून नव्हे, नुसताच, मोकळ्या जागेत. आमच्या धंद्यात माणूस दिसला की कानापासून घोट्यापर्यंत मनातल्या मनात ओळंबा सोडायची खोड लागते. याचा ओळंबा टाचांच्या वीतभर मागे पडत होता. अशा कोनात उभा राहिलेला माणूस पडायलाच हवा. हा पडत नव्हता. सुपरमार्केटच्या रांगेत, आमच्या ओट्यापाशी, सगळीकडे असा निवांत रेललेला. मी विचारलं तर म्हणाला, “सवय आहे, डॉक. स्वीट ॲज.” म्हणजे एकदम झकास. मी डॉक्टर नाही हे त्याला शंभरदा सांगून झालं होतं. (त्याचं इंग्रजी मी मराठीत सांगतेय, त्यात तो मला अरेतुरे करतो याचं वाईट वाटून घेऊ नका, मीही घेतलं नाही.)

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. अंगणात त्याच्याशी बॉल खेळताना ती एकदा त्याच्याकडे टाकायची आणि एकदा त्याच्या डोक्यावरून. मी विचारलं, अगं, मागे कोणाला टाकतेस? “द टॉल वन,” ती म्हणाली आणि आत जाऊन कार्टून बघत बसली. मी दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नजर उत्तम निघाली. त्याचंच मला जास्त टेन्शन आलं.

मग ती हिवाळ्यातली सकाळ. आमच्याकडे सकाळी असं धुकं पडतं की वाळत घातलेले कपडे आपलेच का, हे हात लावून बघावं लागतं. मी टोपली घेऊन मागे गेले तर हा गॅरेजच्या भिंतीला खांदे लावून, कमरेत वाकून, जोर करत होता. सरावच तो. तोंडातून हूं की चूं नाही. मी त्याच्या मागून जाणार तोच माझं लक्ष खाली गेलं. दंवाने भिजलेल्या गवतात त्याची दोन पावलं रुतलेली होती, आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर आणखी दोन खळगे. तिथे कोणी नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते खळगे जरा खोल गेले. मी टोपली तिथेच टाकून आत आले आणि नवऱ्याला हाताला धरून बाहेर काढलं. म्हटलं, गवतावर डॉक्टरेट आहे ना, सांग हे काय आहे. तो जपानी जर्सीत उकिडवा बसला, दोन पाती तोडून पाहिली आणि म्हणाला, “ड्रेनेजचा प्रॉब्लेम दिसतोय.” डोंबलाचं ड्रेनेज! पण खरं सांगते, मलाही तेच ऐकायचं होतं.

यापुढची गोष्ट सांगायला जरा अवघड आहे, कारण ती जिथली आहे ती जागा आपण चारचौघांत बोलत नाही. स्क्रममध्ये प्रॉपच्या मागे एक उंच गडी असतो, त्याला लॉक म्हणतात. तो आपला खांदा पुढच्या प्रॉपच्या ढुंगणाला लावून रेटतो. आता म्हटलंच. प्रॉपला मागे वळून बघता येत नाही. मागे कोण आहे ते त्याला नुसत्या खांद्यावरून कळतं. तर हा कुठलाही सामना खेळून आला की उपचाराच्या टेबलावर पालथा पडायचा, आणि उजव्या बाजूला त्या जागी एक काळानिळा गोल डाग असायचा. सुपारीएवढा. खांद्याच्या टोकाचं हाड निखळून वर उठलं असेल तर असा वण पडतो, हे मला पाहताक्षणी कळलं. पण जपानहून आला तरी तोच डाग, फ्रान्सहून आला तरी तिथेच. संघ वेगळे, लॉक वेगळे, आणि डाग मात्र माझ्या केसपेपरवर वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी. एकदा तो इथल्याच संघात होता, आणि त्याच्या मागे खेळणारा लॉक घोटा दाखवायला माझ्याकडे आला. घोटा राहिला बाजूला, मी आधी त्याचा उजवा खांदा चाचपला. दुधीभोपळ्यासारखा गुळगुळीत.

त्या संध्याकाळी मी याला टेबलावर पालथा घातला आणि सरळ विचारलं. तोंड टेबलाच्या भोकात असल्यामुळे त्याचा आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा. तो म्हणाला की हा आणि त्याचा एक मित्र वेलिंग्टनजवळ पोरिरुआला एकाच गल्लीत वाढले, शाळेपासून हा पुढे आणि मित्र मागे. शाळेत असतानाच मित्राचं खांद्याचं हाड निखळलं होतं आणि तसंच वर राहिलं होतं. २०११ साली दोघांनी एका शनिवारी समुद्राच्या खडकांवर मासे धरायला जायचं ठरवलं. त्याच दिवशी याला पहिल्या करारासाठी निवड चाचणीला बोलावणं आलं. हा चाचणीला गेला. मित्र एकटाच खडकांवर गेला आणि लाटेने ओढून नेला. पुढच्या आठवड्यात हा आयुष्यातला पहिला व्यावसायिक स्क्रम खेळायला वाकला आणि मागून ते हाड लागलं. “मी वळून पाहिलं नाही, डॉक,” तो म्हणाला. “वळून पाहिलं असतं तर तो गेला असता.” माझे हात त्याच्या पाठीवर होते. खोलीत हीटर चालू असून ते गार पडले होते.

२०१८ मध्ये त्याची बोटं बधिर व्हायला लागली. मी स्कॅन काढायला लावला. मानेतली चकती मज्जारज्जूवर टेकली होती. तज्ज्ञांनी सांगितलं, आता एकच स्क्रम अंगावर कोसळला तरी मानेखालचं सगळं कायमचं जाऊ शकतं. नेमकं त्याच वेळी फ्रान्सच्या त्या बेकरीवाल्या गावातून बोलावणं आलं. त्यांना फक्त एक दाखला हवा होता: मान ठीक आहे, असा, इतकी वर्षं उपचार करणाऱ्या फिजिओच्या सहीचा. याने तोंडाने काही मागितलं नाही. कोरा फॉर्म आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला आणि चार दिवस माझ्या नजरेला नजर दिली नाही. पाचव्या दिवशी मी फॉर्म हातात घेऊन मागच्या खोलीत गेले. म्हटलं, यावर मी सही करणार नाही. खेळ सोड, पोरांना शिकव, जगात कामं काय कमी आहेत?

तो पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, “मी थांबलो तर तो कोणाच्या मागे उभा राहील?”

मी विचारलं, त्या मित्राची आई कुठे असते? तर ती त्याच गल्लीत, त्याच घरात. आणि हा अंत्यविधीनंतर एकदाही तिकडे फिरकला नव्हता. म्हणे, कोणत्या तोंडाने जाऊ? मग मात्र मी त्याला फाडफाड बोलले. आमच्याकडे माणूस गेल्यावर त्या घरी नुसतं जाऊन बसतात, एक शब्दही बोलावा लागत नाही. आणि तू सात वर्षं तोंड लपवतोस? पुढच्या रविवारी मीच गाडी काढली.

पोरिरुआला वारा असा की गाडीचं दार उघडायला जोर लावावा लागला. त्या माऊली नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या, पांढऱ्या झग्यात, डोक्यावर पांढरी हॅट. याच्या निम्म्या उंचीच्या. दार उघडून त्यांनी याच्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे, वीतभर वर पाहिलं. तिथे एखादा उंच माणूस उभा असता तर त्याचे डोळे असते, तिथे. आणि शांतपणे म्हणाल्या, “आलास? किती उशीर.” मग याच्याकडे वळून म्हणाल्या, “तूही ये आत.” मीही जॅंडल्स काढून आत गेले.

जेवायला नारळाच्या दुधातले तारोचे कंद होते, आपल्या अळकुड्यांचे थोरले भाऊ. जेवण झाल्यावर त्यांनी याची मान दोन्ही हातांत धरली, माझ्यासारखी तपासल्यागत, आणि म्हणाल्या की सात वर्षं तू त्याला जगभर सोबत घेऊन फिरलास, फार केलंस. “आता त्याला इथे राहू दे. मलाही कोणीतरी हवंय.”

याचे डोळे वाहत होते. म्हणाला, “त्याला उजवी बाजू लागते, आंटी.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मीच जन्म दिलाय.”

आम्ही निघालो. फाटकाशी तो आंटींना हात करायला थांबला, नेहमीसारखा मागे रेलला, आणि एवढा एकशे अठरा किलोचा गडी धाडकन उताणा गवतावर पडला. धावत जाऊन मी आधी बोटं हलवायला लावली, मग पाय. सगळं ठीक होतं. तो तसाच आभाळाकडे बघत पडून राहिला, आधी हसला, मग लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मी त्याच्याजवळ गवतात बसले. मान वर करून पाहिलं तर आंटी दारातच होत्या. त्या वाऱ्यात, कशाचाही आधार न घेता, ओळंब्याच्या वीतभर मागे रेलून, निवांत उभ्या होत्या.

घरी आल्यावर दाखल्यात नकाराचं कारण काय लिहायचं हा प्रश्न होताच. मानेचं लिहू नकोस, तो म्हणाला, घाबरलो असं वाटेल त्यांना. मग काय लिहू? त्याने विचार केला आणि सांगितलं, “माझ्या मागचा खेळाडू उपलब्ध नाही, असं लिही.” खोटा दाखला मी जन्मात दिलेला नाही. हाही खोटा नव्हता, म्हणून सही केली.

२०१९ च्या सुरुवातीला त्याने आमची खोली सोडली. त्याच गल्लीतल्या शाळेत पोरांना स्क्रम शिकवायचं काम मिळालं होतं, आणि आंटींच्या अंगणातलं गवत वाढलं होतं. तो बॅग भरत असतानाच फ्रान्सच्या क्लबचं उत्तर माझ्या मेलवर आलं. लॉकची त्यांनाही गरज होती. म्हणत होते, दोघांनाही घेतो. त्या दुसऱ्या खेळाडूला विचारून सांगा, तो कधी मोकळा होईल?

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता हसेल. पण त्याने फोन परत दिला आणि बॅगेची चेन लावली. म्हणाला, “नाही म्हणून कळव, डॉक. म्हणावं, तो घरी गेलाय.”

मी तसं कळवलं.