रिकाम्या गाठींचा दोरा

मामीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी प्रयोगशाळेत पेशींचं पाणी बदलत होते. "तुये मामा गेले वं... चहा घेता घेताच गेले," एवढंच ती बोलली. मी हातमोजे काढले, पुन्हा घातले आणि अर्धं राहिलेलं काम पूर्ण केलं. असं का केलं, देव जाणे! मग अमरावतीहून अकोल्याच्या गाडीत बसल्यावर जी रडायला लागले ती मूर्तिजापूर येईपर्यंत थांबले नाही. या गोष्टीला आता वर्ष होत आलं.

शंकरमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. पातूरला आजोळची फुलशेती आणि अकोल्यात मामाचं हारांचं दुकान. दुकान कसलं, एक चौरंग, पाण्याच्या दोन बादल्या आणि वर ताडपत्री. मामा सुई वापरायचा नाही. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दोन फुलं धरायची, फास टाकायचा, ओढायचा... आणि हे सगळं न बघता. नजर रस्त्यावर, तोंड गिऱ्हाइकाशी. लहानपणी मी विचारलं होतं, "मामा, तू खाली का बघत नाहीस?" तर म्हणाला, "खाली पायलं का चुकते वं. बोटाले समजते, डोयाले नाई." पुढे मी मज्जातंतूंवर संशोधन करायला लागले, त्याचं मूळ बहुधा त्या चौरंगापाशीच असावं.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या गर्दीत झेंडूच्या पोत्याची सुतळी कापताना विळा त्याच्या उजव्या मनगटावर फिरला. नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं हलायची, पण त्यांना काही कळायचं नाही. डॉक्टरांनी नस शिवली आणि सांगितलं, ती पुन्हा वाढायला वेळ लागेल, इतकी हळू वाढते की धीर धरावा लागेल. प्लास्टर निघालं तेव्हा म्हणाले, आता बोटं थोडी थोडी चालवा. मामाने ते लगेच मनावर घेतलं. मी भेटायला गेले तर हा अंगणात बसून नुसत्या दोऱ्याला गाठी मारतोय! फूल एकही नाही. "बोटाले कायी समजून नाई राहिलं, मंग फुलं काहून खराब करू? रोज वीतभर मारतो," म्हणाला. तेवढ्यात मला त्याच्या मधल्या बोटावर टरारून आलेला फोड दिसला. गरम कपाचा चटका बसला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. माझा जीव घाबरला, आणि घाबरले की मी आरडाओरडा करते, हा माझा जुना दोष. "आतले टाके तुटले म्हणजे? सहा आठवडे हा हात हलवायचा नाही!"

"डाक्टर त चालवा म्हनते..."

"डॉक्टर म्हणू देत. मी याच विषयात डॉक्टरेट केलीय ना!"

खरं तर मी मज्जातंतू पाहिले होते ते काचेच्या बशीत. जिवंत माणसाच्या हातातली नस मी आयुष्यात हाताळली नव्हती. पण मामाने दोरा खाली ठेवला आणि मामीला कौतुकाने म्हणाला, "शिकेल पोरगी हाये, बरोबरच सांगत असन." सहा आठवडे त्याने खरोखर काडी उचलली नाही.

दीडेक वर्षानंतरची गोष्ट. आमच्या प्रयोगात एका बशीत स्नायूंच्या पेशी वाढवल्या होत्या. त्यांना आकसायला लावायचं, म्हणजे व्यायामच करून घ्यायचा, आणि त्या ज्या पाण्यात काम करत होत्या ते पाणी काढून दुसऱ्या बशीतल्या मज्जातंतूंवर घालायचं. काम करणारा स्नायू काही रसायनं बाहेर सोडतो, ती त्या पाण्यात उतरतात. स्वस्थ पडलेल्या स्नायूंच्या पाण्यातले तंतू जेमतेम वाढले, आणि कष्ट केलेल्या स्नायूंच्या पाण्यातले कितीतरी लांब गेले. सगळे टाळ्या वाजवत होते. मला मात्र ते सहा आठवडे आठवले.

त्याच रविवारी अकोला गाठलं, कबुली द्यायलाच. मामा पुन्हा कामाला लागला होता. अंगठा आणि पहिलं बोट जागं झालं होतं, मधलं बोट तसंच मुकं. मी प्रयोग समजावून सांगितला. तो मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे हात कामाले लागला का नसेले डबा धाडते, असं म्हन ना!" माझं अख्खं भाषण त्याने एका वाक्यात बसवलं. आता बोलायचं, मामा, तो डबा मीच बंद केला होता... पण तो म्हणाला, "चहा घे, थंडा होऊन राहिला," आणि मी चहा घेतला. बोलले नाही. त्यानंतरही कितीदा गेले, बोलले नाहीच. बशीतलं हातात घडेलच असं नाही, मधलं बोट एरवीही मुकंच राहिलं असतं कदाचित, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. ते खोटं नाही. पण मी त्याच्या आड लपले होते, हेही खोटं नाही.

तेरवीनंतर मामीने एक भलीमोठी गुंडी माझ्या हातात दिली. त्या रिकाम्या गाठींचा दोरा होता, रोज एक वीत. मी तो अंगणात उलगडला. सुरुवातीच्या गाठी वेड्यावाकड्या, कुठे सैल, कुठे एकावर एक. शेवटच्या एकसारख्या, हारात असाव्यात तशा. आणि सुरुवातीच्या जरा पुढे दोरा एकदम कोरा. मी वितीने मोजलं. बेचाळीस.

"थे तू हात हालवू नको म्हटलं ना, थे दिवस," मामी म्हणाली. "रोज डाव्या हातानं वीत मोजून गुंडायचे. म्हनायचे, हा पोरीचा दिवस. मांगं तू थे डब्याचं सांगून गेली, तवा मी म्हटलं, मंग इथंही मारून टाका गाठी. त नाई म्हने. राहू दे म्हने, पोरीनं जीव लावला होता."

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं.

आता तो दोरा माझ्या प्रयोगशाळेत असतो. नव्या विद्यार्थ्यांना मी डोळे मिटायला लावते आणि तो बोटांतून सरकवायला सांगते. गाठी लागतात, वाकड्या, सैल... आणि मग बोटं थांबतात. "मॅडम, इथे काहीच नाही. इथे काय झालं?"

दर वेळी मी सांगते, मामाला जे सांगितलं नाही ते.

"इथे मी होते."