पूल मोडायचा होता

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याची बदली जयपूरच्या एका सरकारी ऑफिसात झाली, तेव्हा त्याच्यामागून मी इथे आले आणि टोंक रोडवरच्या एका खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकवायला लागले. नोकरी कंत्राटी. दरवर्षी उन्हाळा आला की एकच प्रश्न. पुन्हा ठेवतील का?

यंदा त्यात भर पडली. परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला आणि त्यांची शिकवायची पद्धत आमच्याकडे आली. नोट्स बंद, पाठांतर बंद. मुलांनी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करायचा, तो किती वजनाला आणि कुठल्या सांध्यात मोडेल ते गणित करून फळ्यावर लिहायचं, आणि मग खाली बादली टांगून, तीत वाळू ओतत तो खरंच मोडायचा. अंदाज जितका बरोबर, तितके गुण जास्त. गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासेसमधून पाठांतर घोटून आलेली ही पोरं. मोडलेल्या वस्तूला गुण मिळतात, यावर त्यांचा विश्वास बसेना. खरं तर माझाही बसला नव्हता.

त्यातच तिकडच्या एक प्राध्यापिका वर्ग बघायला येणार असं ठरलं. डीन म्हणाले, "मॅडम, उनकी रिपोर्ट आ जाए, फिर आपका रिन्यूअल देखेंगे."

झालं! घरी माझ्या तोंडी दुसरा विषय नाही. नवरा म्हणाला, "अगं, पूल मोडायचाच आहे ना? मग मोडेल की. तू कशाला मोडून पडतेस?" त्याला बोलायला काय जातं, त्याची नोकरी पक्की.

वर्गात मात्र मी रोज ठणकावून सांगायचे, "टूटने दो, डरो मत." सांगताना हात थरथरायचे, म्हणून ते ओढणीत गुंडाळून ठेवायचे.

पाहुण्या बाई आल्या त्या दिवशी जवळच्या चाकसू गावातल्या एका मुलीनं पुलाला कुंकू लावलं, लाल धागा बांधला. फळ्यावर लिहिलं होतं, बारा किलो, डावीकडून तिसरा सांधा. मी वाळू ओतायला लागले. बारा किलो झाले. बादली काठोकाठ भरली. पूल आपला ढिम्म. पोरांनी टाळ्या पिटल्या, डीनही टाळ्या वाजवायला लागले. फळ्यावरचा अंदाज मात्र चुकला होता.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या उठल्या, तिसऱ्या सांध्यावरून नख फिरवलं आणि इंग्रजीत विचारलं, "हे नंतर चिकटवलंय ना?"

आता संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात चाकसूची मुलगी उभी राहिली. तिनं आणि तिच्या गटानं सांध्यावर इपॉक्सी गोंदाचा जाड थर दिला होता.

"का?" बाईंनी विचारलं.

"मॅम कहती थीं, डरो मत," ती म्हणाली. "पर उनके हाथ काँपते थे. हमें लगा, पुल टूटा तो मॅम चली जाएँगी."

बाईंना ते इंग्रजीत सांगताना मला रडूच आलं. डीन खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "मग आता कुठे मोडेल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. इतक्या वर्षांत वर्गासमोर हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलले. पोरं फळ्याकडे धावली, जुना आकडा पुसला आणि भांडत भांडत नवं गणित मांडायला लागली. शेवटी आम्ही वाळूवर विटा रचल्या. कडाड आवाज झाला आणि पूल उजव्या टोकाला मोडला. त्यांच्याही अंदाजात नव्हतं ते टोक. तरी पोरं नाचली.

अहवाल अजून आलेला नाही. डीनच्या ऑफिसातून फोन आला की अजूनही घाबरते. पण वर्गात आता मी हात ओढणीबाहेर ठेवते. ते थरथरतात. पोरं बघतात, आणि तरीही सांध्यांना जास्तीचं काही लावत नाहीत.