धाकट्या आजीचे गाल

बाळांनो, तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे. दर मे महिन्यात ती मुंबईहून आमच्याकडे रत्नागिरीला येते. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी एकीने तिला म्हटलं, "तू कसली छान दिसतेस! आजी वाटतच नाहीस." मी शेजारीच बसले होते. मला कुणी काही म्हटलं नाही. ते वाक्य मी वर्षभर विसरले नाही.

माझ्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग आहेत. तिच्या गालांवर साधा तीळ नाही. म्हणून यंदा ती यायच्या आठवडाभर आधी मी त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले.

"काकू, सौम्य पील करू, औषधाने वरची कातडी निघून नवी येते, पण ऊन कमी झाल्यावर या," ती म्हणाली.

"मला आत्ताच हवंय."

"घरात लग्न आहे का?"

मी खोटंच हो म्हटलं.

पंधरा मिनिटांचं काम. मिरच्या चिरलेला हात तोंडाला लागावा तशी आग झाली, मग निवली. आठ दिवस उन्हात जायचं नाही, दिलेलं मलमच लावायचं, सुटणारी कातडी ओढायची नाही, अशा सूचनांचा इंग्रजी कागद मिळाला. मी त्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या आणि तो फ्रिजवर लावला. मलम लावलं की कागदावर खूण करत असे.

जाऊ ठरल्यापेक्षा चार दिवस आधी आली. तेव्हा माझ्या हनुवटीवरून कांद्यासारखे पापुद्रे सुटत होते. दारातच म्हणाली, "वहिनी, हे काय? कात टाकताय की काय?"

"ॲलर्जी आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फणसाचे पापड होते. आमच्याकडे ते एकटीने करत नाहीत, शेजारच्या पाच-सहा जणी येतात. उकडलेले गरे कुटून झाले की त्यात मीठ-तिखट घालायचं ते घरातल्या थोरल्या सुनेने. लग्नानंतर काही वर्षांतच तो मान माझ्याकडे आला, तो आजतागायत. पण काम अंगणात, आणि मला ऊन वर्ज्य. मी खिडकीच्या गजांआड उभी होते आणि मीठ जाऊ घालत होती.

"यंदा मीठ कसं बेतशीर पडलंय हो!" शेजारीण म्हणाली.

यंदा! म्हणजे इतकी वर्षं काय पडत होतं?

जाऊ खोबरेल लावलेली लाटी घेऊन खिडकीशी आली. "चाखा वहिनी. जमलंय का?"

जमलं होतं. मी म्हटलं, "किंचित कमी आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार, तुमचा कॉल. सकाळी आरशात पाहिलं तर अर्धे गाल नवे, अर्ध्यांवर जुनी कातडी लोंबतेय. एवढी निघाली तर संध्याकाळी माझेही गाल दिसतील, असं मनात आलं. आपल्याकडे टाचेच्या भेगेपासून भाजलेल्या बोटापर्यंत सगळ्याला मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, लावतात. ते मी गरम करून पातळ केलं, तोंडाला चोळलं आणि पंच्याने खसाखसा पुसलं. कागद समोर होता आणि मला इंग्रजी उत्तम येतं, तेव्हा कळलं नाही असंही म्हणता येत नाही. जुन्या कातडीबरोबर कोवळीही निघाली. डावा गाल लालभडक झाला.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "आजी, गालाला काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "अरे, काल फणस उकडताना वाफ लागली तिला. पापडाचं सगळं तिनेच केलं. मी आपली बसून लाट्या खाल्ल्या."

"आजी, तू ग्रेट आहेस!" तुम्ही सगळे एकदम ओरडलात. ज्यासाठी मी एवढं केलं ते मला मिळालं, आणि दिलं कुणी, तर तिने.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. गाल तर तिचे चांगले होतेच, आता मनही तिचंच मोठं निघालं.

तुम्हाला पापड पाठवलेत. मला वाफबिफ काही लागली नव्हती. पापड तिने केलेत, मीठ तिने घातलंय आणि ते अगदी बेतशीर आहे. हे तिला सांगायला मला अजून जमलेलं नाही. पुढच्या रविवारी ती कॉलवर असेल, तेव्हा तिच्यासमोर मला विचारा, पापड कुणी केले म्हणून.