नेहरू प्लेसमधला ळ

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची दुपार, दिल्लीच्या नेहरू प्लेसमधलं एक छोटंसं दुकान, आणि मी एका अक्षरासाठी हटून बसलेली... नवरा शेजारी उभा राहून सारखा घड्याळ बघत होता.

आम्ही तेव्हा दिल्लीहून गुडगावला नवेनवे राहायला गेलो होतो. सोसायटीच्या एका बाजूला काचेच्या इमारती उठत होत्या, दुसऱ्या बाजूला अजून मोहरीची शेतं होती. लग्नाआधी मी पुण्यात डीटीपीचं काम करायचे. दिल्लीकडे आल्यावर ते सुटलं ते सुटलंच.

मग आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. दरवर्षी ती एका हिंदी प्रेसमध्ये व्हायची आणि तिच्यात ळ औषधालाही नसायचा. 'मंगलवारी सकाली' असं छापून यायचं आणि आम्ही सगळे ते मुकाट वाचायचो.

मंडळातले एक काका म्हणाले, "बघ बाई, जमलं तर पुढचीही कामं तुलाच. नाहीतर आपला प्रेस आहेच." मला ते काम हवंच होतं. इतकं, की रात्री झोप लागेना.

म्हणून घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. आपल्याला हवा तसा जोडून घेतलेला, असेंबल्ड.

बरीच दुकानं फिरलो. सगळे नवऱ्याशीच बोलायचे... मुलं गेम खेळणार का, इंटरनेट लावणार का. मी जणू पिशवी धरायला आले होते.

या एकाच दुकानात मालकानं विचारलं, "चलाएगा कौन?" मी म्हटलं, "मैं." त्यांनी लगेच खुर्ची माझ्याकडे सरकवली. काम काय करणार ते नीट विचारून घेतलं, स्पीकर यादीतून काढून टाकले आणि मॉनिटर मोठा घ्यायला लावला. "दिन भर आँखें तो आपकी लगेंगी ना, मैडम." मला माणूस तिथेच आवडला.

तर त्या शनिवारी मशीन तयार होतं. कॅबिनेट अजून उघडंच, आत पंखा फिरत होता. भाईसाहेबांनी हिंदीचा फॉन्ट टाकून ठेवला होता. मी हौसेनं आमचं आडनाव टाईप केलं... काळे. का आला, आणि पुढे नुसता रिकामा चौकोन.

"भाईसाहब, इसमें ळ नहीं है."

"ल है ना, मैडम."

"ल नहीं... ळ."

"हाँ, वही तो. ल."

नवरा कानाशी येऊन म्हणाला, "अगं, चालवून घे ना. छापून झाल्यावर पेनानं शेपूट काढ." तो बोलणारच. गॅसच्या कार्डापासून ऑफिसच्या पाटीपर्यंत तो केव्हाच मिस्टर काले झाला होता आणि त्याची काही तक्रारही नव्हती.

मला मात्र रडूच यायला लागलं. ळ नसेल तर माझ्यात आणि त्या प्रेसमध्ये फरक काय राहिला? काम परत जाणार आणि मी परत स्वयंपाकघरात... मग लाजबीज सोडून मी भर दुकानात मोठ्यानं सुरू केलं, "काळा! केळं! फळ! बाळ!"

भाईसाहेब स्क्रू ड्रायव्हर हातात धरून थांबले. त्यांचे ओठ हलले. "काळा..." ते म्हणाले.

अगदी स्वच्छ ळ! दिल्लीत वाढलेल्या माझ्या लेकीलासुद्धा तो तसा येत नव्हता, ती 'फल नको' म्हणायची.

"अरै, यो तो म्हारै गाम की बोली सै!" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. मग इकडेतिकडे बघून ओशाळले आणि परत दुकानातल्या हिंदीवर आले. हरियाणातलं गाव त्यांचं, घरी सगळे असंच बोलायचे. "स्कूल में मास्टरजी ने छुड़वा दिया, मैडम. कहते थे, गँवार लगते हो."

दुकान तसंच आमच्यावर सोडून ते बाहेर गेले. खूप वेळानं धापा टाकत आले ते एक सीडी घेऊनच. खालच्या मजल्यावर कोणी मराठी लग्नपत्रिका छापायचा म्हणे, त्याच्याकडून मागून आणली होती. फॉन्ट चढवला, मी परत की दाबली... आणि आला! गुबगुबीत, दोन पोटांचा ळ. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"एक मिनट, मैडम." त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, कुठली की ते मला विचारलं आणि एका बोटानं शोधत शोधत एक शब्द टाईप केला.

सतपाळ.

"मेरा नाम," ते म्हणाले. "सब जगह सतपाल लिखा है. पर माँ तो सतपाळ ही बुलाती थी... लिखा हुआ आज पहली बार देखा." आणि ते बघतच राहिले.

स्मरणिका वेळेत निघाली, सगळे ळ जागच्या जागी. पुढे बरीच वर्षं मी त्याच मशीनवर काम केलं.

पण खरी गंमत दुसऱ्याच दिवशी झाली. आमच्या गेटवर जवळच्या गावातली एक ताई भाजी घेऊन यायची. त्या दिवशी तिनं हाक दिली, "केळे ले ल्यो, केळे!" मी जिन्यातच थांबले. ती रोज तेच म्हणायची, आणि मी मात्र इथे आपलं कोणी नाही म्हणून कुढत बसायचे. कानांत बोळे घालून राहत होते मी... ते तुम्ही काढलेत, सतपाळजी. मनापासून आभार.