आंबिलीचा डेरा

आमच्या वस्तीवर आलेला माणूस घशाला कोरड घेऊन परत गेला, असं कधी झालेलं नाही. हे मी मान ताठ करून सांगते, कारण त्यात माझा हात आहे. पावसात भिजून कुणी आलं की त्याच्या हातात हुलग्याच्या माडग्याची वाटी जाते. हुलगे खमंग भाजून दळलेले, त्यात लसूण, जिरं, मीठ, आणि पाणी घालून पातळ उकळलेलं. दोन घोट पोटात गेले की भिजलेला माणूस बोलायला लागतो. थंडीत गवती चहा, आलं आणि गुळाचा काढा. डाळिंबाच्या दिवसांत तडकलेल्या फळांचा रस, काळं मीठ टाकून. तडकलेलं डाळिंब मार्केटला चालत नाही, व्यापारी त्याला हात लावत नाही, पण रसाला त्याच्याइतकं गोड दुसरं नाही. उन्हं तापली की कैरीचं पन्हं आणि चिंचवणी. माझ्या चिंचवणीसाठी बारामतीहून माझ्या बहिणी बाटल्या घेऊन येतात, आणि येताना थंड पेयाच्या मोठ्या बाटल्याही आणतात. त्या बाटल्या मी गोठ्याच्या फळीवर ठेवते. आतलं संपतं कसं ते मला माहीत नाही, पण रिकाम्या झाल्या की फिनेल ठेवायला बऱ्या पडतात.

लग्न होऊन मी वरकुट्यात आले तेव्हा मला फक्त चहा येत होता. माझं माहेर बारामतीत, मार्केट यार्डाच्या जवळ. आमच्याकडे सकाळ उजाडायची चहानं आणि मावळायचीही चहानं. इथं आले तर सासूबाई माझ्या येण्याआधीच गेलेल्या, घरात सासरे आणि नवरा. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणतो. त्यांच्या वडिलांपर्यंत या घराची मेंढरं होती, वर्षातले कितीतरी महिने माणसं मेंढरांमागं चालत असायची. आता ऊस आहे, डाळिंब आहे, ट्रॅक्टर आहे. पण मेंढरांमागं चालणाऱ्या गड्यांना स्वयंपाक यावाच लागायचा, तो आबांच्या हातात राहिला. माडगं, काढा, चिंचवणी हे सगळं मला आबांनी शिकवलं. शिकवताना ओरडायचे, मी उलट ओरडायची. शेजारच्यांना वाटायचं भांडण चाललंय, आणि आत नुसतं जिरं भाजणं चाललेलं असायचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला करू दिली नाही. ती म्हणजे आंबील.

आमच्या शेताच्या कडेला फाटा आहे. भिगवणकडून येणारा रस्ता तिथं गावाकडं वळतो, एसटी थांबते, आणि एक कडुनिंब आहे. चैत्र लागला की त्या निंबाखाली आबा आंबिलीचा डेरा ठेवायचे. मातीचा, मोठ्या पोटाचा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. शाळूच्या कण्या रात्रीच ताकात भिजत घालायच्या, पहाटे मंद जाळावर शिजवायच्या, निवल्यावर त्यात पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, मिरची, कोथिंबीर. एसटीची वाट बघणारी कॉलेजची पोरं, मोटारसायकलवर मासळीचे खोके बांधून निघालेले भिगवणचे विक्रेते, शेळ्या राखणारे म्हातारे, सगळे तिथं थांबायचे. पैसे कुणी द्यायचे नाहीत आणि दिले तर आबा चिडायचे.

या डेऱ्याचा एक नेम होता. करणाऱ्यानं शेवटी प्यायची. आधी चाखायची नाही, घरच्यांसाठी तांब्याभर काढून ठेवायची नाही. तळाला उरली तर त्याची, नाही उरली तर त्यानं तसंच घरी यायचं. आबा बहुतेक वेळा तसेच यायचे. उन्हानं काळे पडलेले, ओठ सुकलेले, आणि चेहरा मात्र असा खुललेला की काय विचारू नका. आल्या आल्या डेरा अंगणात उपडा करून दाखवायचे. रिकामा डेरा म्हणजे आंबील झकास झाली, त्याला दुसरं सर्टिफिकेट लागत नव्हतं.

एका वर्षी होळीनंतर आबा शेताच्या बांधावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि ओसरीवर कॉट टाकली. हाड जुळत होतं, पण माणूस खचत चालला होता. कुणी विचारपूस करायला आलं की भिंतीकडं तोंड करायचे. चैत्र लागला तसे ते म्हणाले, "औंदा न्हाय ठेवायची आंबील. झालं तेवढं झालं."

मी म्हटलं, "मी ठेवते."

"तुला जमायची न्हाय. बारामतीची तू."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी वर्षं या घरात चूल सांभाळली, आणि अजून मी बारामतीचीच. मी म्हटलं, "आबा, माडगं जमलं, काढा जमला, मग आंबील काय आभाळातनं पडती व्हय?" आबा म्हणाले, "कर. बाजाराच्या दिसापतोर कर. पर डेरा उरून माघारी आला, तर त्याच दिशी बंद. माझ्या बापाची आंबील लोकांनी तोंडदेखली प्यायची न्हाय."

म्हणजे बाजाराच्या दिवसापर्यंत माझी परीक्षा होती, आणि नापास झाले असते तर त्या घरातली आंबील कायमची बंद झाली असती. नवरा म्हणाला, "कशाला त्यांच्या नादी लागतीस?" मी त्याच्याकडं बघितलं, तसा तो माळ्यावरून डेरा काढायला गेला.

पहिल्या दिवशी मी जीव ओतून आंबील केली. ताक घरच्या म्हशीचं, फ्रिजमध्ये न ठेवलेलं. लसूण पाट्यावर ठेचलेला. नवऱ्यानं डेरा हातगाड्यावरून फाट्यावर आणून दिला आणि मी ओगराळं घेऊन उभी राहिले. लोक आले, प्याले, मिशा पुसल्या. "झ्याक झाली, वैनी," म्हणाले. एका मासळीवाल्यानं खोक्यातला बर्फ देऊ केला, तो मी नको म्हटला, मासळीच्या वासाची आंबील आबांनी मला जन्मभर ऐकवली असती. मी खुशीत होते. संध्याकाळी डेऱ्यात वाकून बघितलं तर तळाला चांगली दोन-तीन पेले आंबील उरलेली.

घरी आबांनी मान उचलून डेऱ्यात बघितलं. पण बंद कर म्हणाले नाहीत. बहुतेक पहिला दिवस म्हणून सोडून दिलं. नेमाप्रमाणे उरलेली मी प्याले. आणि खरं सांगते, आंबील उत्तम झाली होती. आबांच्या आंबिलीइतकी. थोडी उजवीच असेल.

दुसऱ्या दिवशी आणखी जास्त उरली. आता आबा बोलले. आवाज चढवून बोलले असते तर मला परवडलं असतं, ते हळू बोलले. "लोकं भली हायेत. तोंडावर कोण वंगाळ म्हणंल? उद्याच्या दिवस कर, कण्या भिजल्या असतील तर. मग डेरा माळ्यावर टाक." मला रडू आलं नाही, राग आला. पण राग काढायचा कुणावर? कण्या त्याच होत्या, ताक तेच, आणि मी स्वतः पिऊन बघितली होती. आंबील बिघडली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. आबांना ते सांगून उपयोग नव्हता. आपली बाजू आपणच मांडायची म्हणजे सबब झाली असती.

तिसऱ्या दिवशी मी आंबील वाढता वाढता माणसांकडं बघायला लागले. शेळ्या राखणारे एक तात्या आहेत, आबांच्या वेळी पोटभर प्यायचे, पेला पुढं करत राहायचे. आज एक पेला पिऊन "बास, बास" म्हणत बाजूला झाले आणि ओठ चाटत निंबाच्या बुंध्याला टेकले. बर्फ देऊ करणारा मासळीवाला पेला पुढं करणार, तेवढ्यात त्यानं डेऱ्यात डोकावून बघितलं आणि हात मागं घेतला. दुपार कलली तशी माणसं येत होती, डोकावत होती आणि पाणी पिऊन जात होती. तळाला आंबील तशीच.

मी ओगराळं डेऱ्यावर आपटलं. "तात्या, खरं सांगा. चव न्हाय का माझ्या आंबिलीला?"

तात्या गडबडले. "कोण म्हनतंय तसं?"

"मग पेला पुढं का येत न्हाय?"

तात्यांनी मासळीवाल्याकडं बघितलं, मासळीवाल्यानं रस्त्याकडं. शेवटी तोच बोलला. "वैनी, नेम समद्यांस्नी ठाव हाय. उरली तर करणाऱ्याची. आबांचं येगळं, गडी मानूस. तुमी दिसभर उनात उभ्या ऱ्हाता, बाईमानसानं उपाशी घरी जायचं, ह्ये बरं दिसत न्हाय. म्हनून समद्यांनी ठरवलं, तळाची वैनीस्नी ठेवायची."

माझा राग कुठल्या कुठं गेला, आणि लगेच दुप्पट होऊन परत आला. माझ्यावर माया करून या माणसांनी माझंच नाक कापलं होतं. नेम पाळणारी माणसं, नेमातच फसली. मी म्हटलं, "आबा उपाशी गेले तवा तुमाला लाज वाटली न्हाय. मग माझ्याच येळंला का? माझ्यासाठी ठेवलेली ही आंबील आबा डेऱ्यात बघतात आणि म्हनत्यात, सुनंनं घाण केली. उद्यापासनं डेरा बंद हाय. आता ठरवा, मला पाजायची का डेरा चालू ठेवायचा."

मग तात्या निंबाचा आधार सोडून उठले आणि त्यांनी पेला पुढं केला. भरला, संपला, पुन्हा पुढं आला. मासळीवाला प्याला. एसटीतून उतरलेल्या कॉलेजच्या दोन पोरींना बोलावून पाजली. शेवटचं जे काही कडेला चिकटलं होतं ते तात्यांनी डेरा तिरका करून बोटानं काढलं आणि चाटलं. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटत होता की घशाला पडलेली कोरडही गोड लागत होती.

नवऱ्यानं डेरा ओसरीपुढं आणून ठेवला. फाट्यावर काय झालं ते मी त्याला सांगितलं नव्हतं, आबांनाही सांगितलं नाही. आबा कोपरावर रेलून अर्धवट उठले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय. "उपडा कर," म्हणाले. मी डेरा अंगणात उपडा केला. जमिनीवर काही पडलं नाही.

आबा त्या कोरड्या मातीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं, माझ्या ओठांकडं.

"तुला मिळाली का?"

"न्हाय."

"थेंबबी न्हाय?"

"न्हाय, आबा."

त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे फाट्यावरून तसेच घरी आल्यावर यायचं. त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली. "आरं, हुबा काय ऱ्हायलास? आंबील करणारी उपाशी आली हाय. चहा टाक तिला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. दिसू दे म्हटलं. नवरा आत गेला, साखरेचा डबा कुठं आहे म्हणून ओरडला, दूध उतू घालवलं, आणि एकदाचा कप घेऊन बाहेर आला. चहा अगदी पांचट होता. मी तो आबांसमोर, उंबऱ्यात बसून, शेवटच्या घोटापर्यंत प्याले.